झिपरूची सातवी माळ

माणूस मला तोंडावरून कळत नाही, ताटावरून कळतो. सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या मागच्या गल्लीत मी कितीतरी वर्षं खानावळ चालवली. अंबडच्या कारखान्यांतली पोरं दोन्ही वेळ जेवायला यायची. कोण भात चिवडतो, कोण दुसऱ्याच्या ताटातल्या भाजीकडे बघत जेवतो, कोण घरच्या आठवणीनं घास तोंडातच घोळवत बसतो, सगळं मला पोळ्या शेकता शेकता दिसायचं. म्हणूनच झिपरूबद्दल लोक जे बोलतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. गल्लीत आजही कुणालाही विचारा, झिपरू कशानं गेला? उत्तर ठरलेलं. पिऊन गेला. देवीपुढं पिऊन बसला आणि देवीनं नेला. सांगताना चेहरा असा करतात, जणू देवी आधी यांना विचारून गेली होती.

साफ खोटं आहे. वर्षानुवर्षं प्यायला म्हणून त्याचं लिव्हर गेलं, हे खरं. त्यावर मी भांडणार नाही. पण त्या दिवशी तो प्यायला नव्हता. एवढं तरी त्याच्या नावावर राहायला हवं होतं.

झिपरू पेठकडच्या डोंगरातला. एक्क्याण्णव साली फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागला तेव्हा काडीसारखा होता, पण भूक अशी की बघत राहावं. शनिवारी संध्याकाळी एसटीनं गावी जायचा आणि सोमवारी येताना फडक्यात बांधून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणायचा. काळ्याशार, जाड, बोटांचे ठसे उमटलेल्या. "मावशी, भाकर माझी हाय. निस्ती आमटी वाढा," म्हणायचा आणि भाकरी कुस्करून वाडगाभर आमटीत कालवून खायचा. वर एक हिरवी मिरची. जेवून उठला की पोटावर हात फिरवायचा. असा जेवणारा माणूस खानावळवालीला आवडतोच.

आवडला नाही तो भिमाजीला. भिमाजी सिन्नरकडचा, घरची बागायत असलेला, त्याच फाउंड्रीत टर्नर. पंगतीत त्याचा आवाज सगळ्यात मोठा. एका सोमवारी त्यानं झिपरूच्या ताटातली भाकरी दोन बोटांत धरून वर केली. "मावशी, चुलीतली गोवरी ह्याच्या ताटात कशी गेली हो?" सगळी पंगत हसली. झिपरूही हसला. नवा माणूस दुसरं काय करणार?

पुढच्या सोमवारी फडकं दिसलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "आई आता करत नाय." आई करत होती. कारण त्यानंतर दोन-तीन सोमवारी गल्लीच्या तोंडाशी गाय काळी भाकरी खाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी खानावळ काढली होती, पोरांना शहाणपण शिकवायची शाळा नाही.

मग तो सगळ्यांसारखा झाला. पगाराच्या दिवशी भिमाजीच्या मागोमाग देशीच्या दुकानात जायला लागला. दारू त्याला नवी नव्हती म्हणा. गावी लग्नाकार्यात मोहाची असायचीच, पण ती गावाबरोबर, डाळ-भाकरीबरोबर, आणि सण संपला की संपली. इथं सण रोजचाच. शिवाय पिणाऱ्यांचा एक नियम असतो, तो मी शेकडो तोंडांतून ऐकलाय: आधी जेवायचं नाही, जेवलं की चढत नाही, नंतर जेवायचं नाही, जेवलं की उतरते. मग जेवायचं कधी? क्वार्टर आणि फरसाणाची पुडी, झालं जेवण. सकाळी चहात बुडवून पाव. दुपारी चार घास भात. माझ्याकडे मेंबर म्हणून नाव होतं, पण त्याचं ताट मी न वाढताच उचलून ठेवायला लागले. तीन भाकरी खाणारा पोरगा अर्धी पोळी टाकून उठू लागला.

पोट तर पार गेलं. चार दिवस जुलाब, पुढचे चार दिवस काहीच नाही. सकाळी पायरीवर पोट धरून बसलेला असायचा. "गॅस झालाय, मावशी." अंबडमध्ये सगळ्यांना गॅसच होतो; बायको गेली तरी गॅस, बोट कापलं तरी गॅस. मेडिकलमधून पूड आणायची, पाण्यात टाकायची, ढेकर द्यायचा आणि संध्याकाळी परत चौकाकडे.

मध्येच त्याचं लग्न झालं होतं. ललिता सुरगाण्याकडची, कामाला वाघीण. माझ्याकडेच पोळ्या लाटायची. पाठीमागच्या खोलीत दोघं राहायची, पुढे सरिता झाली, तिघं झाली. ललिताला नवऱ्याचं तोंड बघायची गरज नसायची. लाटणं चालू असतानाच चौकाकडून येणारी त्याची चाल ऐकून सांगायची. चपला ओढत आला की एक क्वार्टर. भिंतीला हात लावत आला की दोन. आणि कधी चुकायची नाही. संसारानं बाईला काय काय शिकवावं!

सिंहस्थाच्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, झिपरूचं पोट फुगलं. हातपाय काटक्या आणि पोट घागरीएवढं. डोळे हळदीसारखे. ललिता आणि मी त्याला रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. बरेच दिवस ठेवून घेतला. डॉक्टर तरुण होता, चिडका होता, पण सांगायचं ते त्यानं नीट सांगितलं. त्याला मी दोष देणार नाही.

"लिव्हर खराब झालंय," तो म्हणाला. "दारूचा थेंब चालणार नाही. ते एक. दुसरं पोटाचं. आतड्यात चांगले जंतू असतात, ते आपल्यासाठी राबतात. त्यांना चोथा लागतो. तुम्ही इतकी वर्षं त्यांना दारू पाजली आणि फरसाण घातलं."

ललितानं विचारलं, "मग हलकं काय देऊ? बिस्किटं, साबुदाणा, टोस्ट?" आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना हेच नेतात ना. त्याच्या उशाशी तेव्हा बिस्किटांचे पुडे रचलेले होते.

डॉक्टर पुड्यांकडे बघून वैतागला. "हे हलकं नाही, हे पोटात चिकटून बसतं. गावी काय खाता तुम्ही?"

"नागली."

"मग तीच द्या. नागलीची भाकरी, सालाची डाळ, पालेभाजी. आणि हे औषध, सरबतासारखं गोड आहे, रोज द्यायचं. दिवसातून दोन-तीनदा संडासला झालीच पाहिजे. लिव्हर चांगलं असतं तेव्हा घाण ते साफ करतं. याचं करत नाही. पोट तुंबलं की ते विष थेट मेंदूत जाईल, याला भ्रम होईल. उपास नाही, औषध बंद नाही. कळलं?"

ललितानं मान हलवली. मी झिपरूकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. हसत होता. "मावशी," म्हणाला, "गोवरी खायला सांगत्यात."

त्यानं खरंच सोडली. मला विश्वास नव्हता, पण सोडली. ललितानं गावाहून नागली आणली. गिरणीवाला कुरकुरायचा, जातं काळं होतं म्हणून. त्याला तिनं असं काही सुनावलं की नंतर तो मुकाट्यानं दळून द्यायला लागला. माझ्याच चुलीवर भाकरी थापायची. झिपरू सगळ्या पंगतीदेखत काळी भाकरी आमटीत कुस्करून खायचा. पोट हळूहळू उतरलं. डोळे पांढरे झाले. फाउंड्रीत झाडण्याचं हलकं काम मिळालं. मागच्या चार खोल्यांना मिळून एक संडास होता, तिथं झिपरूच्या फेऱ्यांवरून भाडेकरू त्याची टर उडवायचे. तो म्हणायचा, "हसा रं. डॉक्टरचा हुकूम हाय."

पण लोकांचा विश्वास बसेल तर ना. भिमाजीनं एव्हाना दारू सोडून टिळा धरला होता आणि गल्लीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष झाला होता. झिपरू रस्त्यानं दिसला की चारचौघांत त्याला थांबवायचा. "हा कर." आणि झिपरू तोंड उघडून 'हा' करायचा. भिमाजी वास घ्यायचा, मान डोलवायचा, "शाब्बास." फाउंड्रीच्या गेटवर, किराणा दुकानापुढं, सरिताच्या शाळेच्या फाटकाशीसुद्धा. सव्वा वर्ष एक थेंब न घेतलेला माणूस शाळेच्या फाटकाशी पोरीदेखत तोंड उघडून उभा राहायचा. मला त्या भिमाजीच्या तोंडात पोळीचं तापलेलं उलथनं घालावंसं वाटायचं.

त्या नवरात्रात भिमाजीनं जाहीर केलं, "यंदा घटी झिपरू बसेल."

आमच्या गल्लीत देवीचं छोटंसं देऊळ आहे. दरवर्षी एक माणूस नऊ दिवस घटाशेजारी बसतो. अखंड दिवा त्यानं सांभाळायचा, देवळातच घोंगडीवर झोपायचं, उपासाचं खायचं. संडासला गेला तर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय दिव्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला सगळी गल्ली त्याच्या पाया पडते. भिमाजीला झिपरू कशाला हवा होता, ते मला ठाऊक होतं. "माझ्यामुळं सुटली ह्याची," असं तो जो भेटेल त्याला सांगत फिरत होता. देवीपुढं बसवायला त्याला एक सुधारलेला दारुडा मिळाला होता.

मी म्हटलं, "अरे, त्याला उपास चालत नाही. डॉक्टरनं सांगितलंय."

"मावशी, देवीच्या कामात डॉक्टर कशाला?" भिमाजी म्हणाला. "आणि उपास म्हंजे काय उपाशी मारतोय का? दूध, साबुदाणा, बटाटा. आजाऱ्याला आपण हेच देतो ना? फक्त ते जुलाबाचं औषध नऊ दिवस थांबव म्हणावं. घटावरचा माणूस दिवसातून तीनदा संडासला पळाला तर कसं दिसंल? आणि नळाला पाणी सकाळचं तासभर. तीनदा आंघोळ घालायची कशी?"

मी झिपरूला बाजूला घेतलं. "तू नाही म्हण."

तो म्हणाला, "मावशी, आजवर मला कुनी कशाला बसवलं का? लग्नातबी शेवटच्या पंगतीला. नऊ दिवस तर हायेत. एकदा बसलो की मंग कुनी 'हा कर' म्हणणार नाय."

ललिताला विचारलं, तर तिनं आधीच नवरात्रासाठी सरिताला परकर शिवायला टाकला होता. औषधाची बाटली तिनं फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिली. देवीचं काम झालं की परत सुरू करू म्हणाली.

पहिल्या माळेला झिपरू पांढरं धोतर नेसून बसला. मी खरं सांगते, इतका देखणा तो मला कधी दिसला नव्हता. ज्या बाया त्याला बघून दार लावून घ्यायच्या, त्याच तुपातल्या साबुदाण्याची ताटं घेऊन रांगेत. कुणी बटाट्याचा किस, कुणी पेढे, कुणी आटवलेलं दूध. झिपरू सगळ्यांचं थोडं थोडं खायचा, नाही कुणाला म्हणायचा नाही. पाणी मात्र कमी प्यायचा. उठायला लागू नये म्हणून.

पाचव्या माळेला त्यानं ललिताला सांगितलं, पोट दगड झालंय. ती म्हणाली, गरम दूध घे. सहाव्या माळेला तो दिवसा पेंगायला लागला. लोक म्हणाले, जागरणं होतायत बिचाऱ्याला. पाया पडणाऱ्या बायांना तो मान वर करून बघेनासा झाला, तर त्या म्हणाल्या, ध्यान लागलंय.

सातव्या माळेची संध्याकाळची आरती. देऊळ भरलेलं. मी खानावळीतून हात पुसत शेवटच्या आरतीला येऊन उभी राहिले. झिपरू तबक घेऊन उठला आणि हात असा फडफडायला लागला की तबकातली फुलं खाली. सरिता पुढं होती, तिला त्यानं आपल्या आईच्या नावानं हाक मारली. मग दिव्यात तेल घालायला वाकला. तेल बाहेर सांडलं. समईला कोपर लागलं आणि अखंड दिवा विझला.

टाळ्या थांबल्या. भिमाजी पुढं गेला. "हा कर," म्हणाला. झिपरूनं तोंड उघडलं नाही, जीभ जड झाल्यासारखं काहीतरी पुटपुटला. भिमाजीनं नाक जवळ नेलं. वास होता. मलाही आला, गोडसर, कुजकट. डॉक्टरनं नंतर सांगितलं, लिव्हर बंद पडलं की तसा वास येतो. तेव्हा तिथं एकालाच काय, पन्नास जणांना एकच वास ठाऊक होता.

"प्यायलाय!" भिमाजी ओरडला. "घटी बसून प्यायलाय!" आणि त्यानं कानाखाली वाजवली. मग कुणाचा हात, कुणाचा पाय, काही कळलं नाही. मी मध्ये घुसले, मारू नका, मारू नका म्हणून ओरडले. मंडळाच्या पोरांनी त्याला ओढत बाहेर आणलं. तो उठला आणि देवळाच्या भिंतीला हात लावत लावत ललिताकडे निघाला.

ललिता त्याची चाल बघत होती. डॉक्टर म्हणाला होता भ्रम होईल. पण भ्रम कसा दिसतो, हे तिनं कुठं पाहिलं होतं? दारू मात्र रोज पाहिली होती. भिंतीला हात लावून येतो तेव्हा दोन. तिचा हिशेब कधी चुकला नव्हता. ती सरिताला घेऊन घरात गेली आणि आतून कडी लावली. मी दार वाजवलं, तर आतून म्हणाली, "उतरू द्या, मावशी. सकाळी बघू."

मग पोरांनीच त्याला मंडळाच्या सामानाच्या खोलीत, ताडपत्रीवर टाकला आणि बाहेरून कडी घातली. पोरांनी दिवा परत लावला. आरती पुरी केली. प्रसादही वाटला.

सकाळी तो उठला नाही. हलवला, पाणी मारलं, उठला नाही. मग सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी आणि ललितानं रिक्षा केली. तोच दवाखाना, तोच डॉक्टर. त्यानं पापणी वर करून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची संडास कधी झाली?"

ललिता बोटांवर माळा मोजायला लागली.

"औषध?"

"घटी बसला होता," ललिता म्हणाली. "रात्री प्याला. लय प्याला."

डॉक्टरनं नळ्या घातल्या, एनिमा दिला, रक्त तपासायला पाठवलं. दुपारी बाहेर येऊन म्हणाला, "याच्या अंगात दारू नाही. प्यायला नव्हता हा. पोट तुंबून विष डोक्यात गेलंय."

ललितानं विचारलं, "काय म्हणालात?" त्यानं परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो चिडला नाही. खाली बघून आत निघून गेला.

झिपरू दसऱ्याला गेला. गल्लीत आपट्याची पानं वाटणं चालू होतं. ललिता दारोदार सांगत सुटली, प्यायला नव्हता, डॉक्टर म्हणाला प्यायला नव्हता. लोक हातात सोनं ठेवायचे आणि मान हलवायचे. भिमाजी म्हणाला, "बाईमाणसाला बरं वाटावं म्हणून डॉक्टर बोलतात तसं."

दहाव्याला आम्ही गोदावरीवर गेलो. ललितानं पहाटे उठून नागलीची भाकरी केली होती, उडदाची डाळ केली होती. पिंडाशेजारी ते मांडलं. कावळे भिंतीवर बसून होते. एकही खाली येईना. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. इच्छा राहिली असेल काहीतरी, कुणी म्हणालं. ललिता हात जोडून म्हणाली, "सरिताला सांभाळीन." कावळे हलले नाहीत.

तेव्हा भिमाजीनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली देशीची क्वार्टर काढली. आणि फरसाणाची पुडी. "असा नाय शिवायचा तो," म्हणाला. "त्याचं काय राहिलंय ते मला ठाऊक हाय." त्यानं बाटली उघडून पिंडाभोवती शिंपडली आणि पुडी फोडून शेजारी ओतली. दोन पावलं मागं सरकला असेल-नसेल, कावळा धपकन खाली आला, शेव उचलली आणि उडाला.

सगळ्यांनी हात जोडले. "बघा," भिमाजी हळूच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मेल्याच्या! झिपरूच्या सव्वा वर्षाचा निकाल एका कावळ्यानं लावून टाकला.

"शेवेला आला तो!" ललिता किंचाळली. "दारूला नाय, शेवेला आला! शेव दिसल्यावर कावळा भाकर कशाला खाईल?"

"हो, हो, वहिनी," लोक म्हणाले. "बसा आता."

ते सगळे चहा प्यायला पुढे गेले. ललितानं भाकरी उचलली. कुणी शिवलं नव्हतं तिला. परत येताना रिक्षा थांबवून ती गल्लीच्या तोंडाशी उतरली, तिथं गाय उभी होती, तिच्यापुढं तिनं ती भाकरी टाकली. गाय खाईपर्यंत ती उभी राहिली.

"मावशी," म्हणाली, "त्या लोकांचं जाऊ द्या. त्यांना काय ठावं? पन मी तर त्याची चाल वळखत होते ना?"

मी तिच्या हाताला धरून तिला घरात नेलं. चूल पेटवायची होती, संध्याकाळची पोरं जेवायला येणार होती.